सत्ती, गोकुळ, भोपळा

प्रज्ञा आणि राहुल,

गेल्या महिन्यात तिकिटं काढायची म्हणून राहुलने माझ्या पासपोर्टचा नंबर विचारला. एका चौकटीत मेलबर्न, एका चौकटीत टोरांटो आणि खालच्या चौकटीत मी, असे आपण तिघं फोनवर होतो. मी चष्मा लावला आणि सवयीने वाचायला लागले, "चौकी, भोपळा, सत्ती, गोकुळ..." राहुल लिहायचा थांबला. प्रज्ञा म्हणाली, "आजी, मी पहिलीत असताना बाईंना आकडे असेच म्हणून दाखवले होते आणि त्यांनी आईला शाळेत बोलावून घेतलं होतं. तू हे आणलंस तरी कुठून?" मी म्हटलं, "समुद्रातून." त्यावर राहुल हसत सुटला. "आजी, नागपूरला समुद्र कधी होता?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. आमच्या वस्तीच्या दिवाळी अंकाचे संपादकही बरेच दिवस नोकरीच्या आठवणी मागत होते, तेव्हा दोन्ही कामं एकदमच करते आहे. अंकाचे वाचक वाचतील तर वाचोत, लिहिते आहे ती तुमच्यासाठी. आत्ताच लिहायचं आणखी एक कारण आहे. हे आकडे ज्यांनी माझ्याबरोबर बनवले ते दौलतराव या उन्हाळ्यात वारले. ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेलं माणूस आता मीच.

माझ्या पदाचं नाव 'कॉम्प्युटर' होतं. हसू नका. त्या काळी मोजणीच्या धंद्यात कॉम्प्युटर म्हणजे गणित करणारं माणूस. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर तसं छापलेलं होतं आणि तुमचे आजोबा पाहुण्यांना माझी ओळख तशीच करून द्यायचे. आमच्या घराने ज्या वर्षी दीक्षा घेतली त्याच वर्षी माझ्या बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. बाबा मिलमध्ये होते. या दोन्ही गोष्टी ते नेहमी एका दमात सांगायचे, जणू एकच गोष्ट आहे. पुढे मी गणितात एम.एस्सी. झाले आणि धंतोलीतल्या एका खासगी सर्व्हे कंपनीत लागले. मालक लष्करातून निवृत्त झालेले मेजर. सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत, मीही तेच म्हणते. कामं जमिनीवरची: सावनेरकडच्या कोळशाच्या खाणी, कालवे, जंगलाच्या हद्दी. माणसं बाहेर जाऊन मोजून आणत आणि आम्ही तिघी बायका पंख्याखाली बसून हँडल फिरवायच्या यंत्रांवर त्या मापांचं गणित करत असू. खिडकी उघडली की कागद उडत आणि बंद केली की आम्ही शिजत असू.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मुंबईच्या समुद्रात तेलाची मोठी कामं सुरू झाली होती. मेजरसाहेबांची जुनी ओळख कामाला आली आणि एका मोठ्या ठेकेदाराकडून आमच्या कंपनीला त्यातला एक लहानसा तुकडा मिळाला. समुद्रतळावरून तेलाची पाइपलाइन किनाऱ्याकडे येते, तिची राखण करणाऱ्या बोटींना जागा दाखवायच्या. मोजणारे बोटीवर, गणित नागपुरात. तुम्ही विचाराल, गणित नागपुरात का? गणित करणाऱ्या बायका नागपुरात होत्या आणि त्यांना मुंबईत ठेवणं मेजरसाहेबांना परवडणारं नव्हतं.

आता राखण म्हणजे काय ते सांगते. पाइप समुद्राच्या तळाशी वाळूत पुरलेला असतो. पण भरती-ओहोटीचं पाणी वाळू एका जागी राहू देत नाही. कुठे कुठे पाइपाखालची वाळू वाहून जाते आणि तेवढा तुकडा अधांतरी लटकतो. दौलतराव त्याला 'पाळणा' म्हणायचे. पाळण्याखाली पाणबुड्यांनी सिमेंटच्या गोण्या नेऊन रचायच्या असतात. त्या रचून होईपर्यंत आसपास कोणी नांगर टाकू नये, कारण वाळूवर ओढला जाणारा नांगर अशा लटकत्या पाइपात अडकला की संपलं. म्हणून दर पावसाळ्यानंतर बोट पाइपावरून पुढेमागे फिरायची, आवाज पाठवून तळाचं चित्र काढायची आणि पाळणे शोधायची. पाळणा आहे हे चित्रावरून कळे. तो कुठे आहे, हे सांगणं आमचं काम. गोण्या रचणारे वेगळे, बोट चालवणारे वेगळे. आम्ही फक्त 'कुठे' विकत होतो.

समुद्रात 'कुठे' सांगणं सोपं नाही. तिथे झाड नाही, मैलाचा दगड नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर रेडिओची यंत्रं बसवलेली असत आणि बोटीवरचं यंत्र त्या प्रत्येक टेकडीपासूनचं अंतर दाखवी. समजा, राहुलने फोन करून सांगितलं की मी सीताबर्डीपासून इतका लांब आहे आणि कामठीपासून इतका. दोन्ही ठिकाणांभोवती तेवढ्या अंतराची वर्तुळं काढली तर ती दोनच जागी एकमेकांना कापतात, आणि राहुल त्यातल्या एका जागी असणार. समुद्रावर तर आणखी सोपं, कारण दोनातली एक जागा जमिनीवर पडते आणि बोट डोंगरात नसते. तिसरी टेकडी हवी ती फक्त ताळ्यासाठी. दोघींचं उत्तर तिसरीला पटलं की सही करायची.

दौलतराव मूळचे सावनेरचे. कोळशाच्या खाणीत मोजणीदार होते, तिथून आमच्याकडे आले आणि मेजरसाहेबांनी त्यांना बोटीवर पाठवलं. त्यांनी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या फेरीहून परत आले तेव्हा मी विचारलं, "कसा आहे समुद्र?"

"ताई, मोठा हाय, पण कामाचा नाही," ते म्हणाले. "खुंटी गाडाले जागाच नाही! मोजून झालं का आपण मोजलेलं वाहून जाते."

आधी त्यांना बोट लागे. मग बोट लागायची थांबली आणि समुद्र लागला. नागपुरात आले की दोन दिवसांत कासावीस व्हायचे. पाइपावर खूण म्हणून सोडलेले नारिंगी बोये एकदा नाहीसे झाले. दौलतराव शोधत किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात गेले, तर बोये मधून कापून लोकांनी पाण्याची टाकी केलेली. मेजरसाहेब म्हणाले, पोलिसात द्या. दौलतरावांनी फोनवर सांगितलं, "साहेब, ते म्हणून राहिले का तुमचा पाइप आमच्या जाळ्याच्या वाटेत, तं तुमचा बोया आमच्या अंगणात. मले तं हिशोब बरोबर वाटते." त्यानंतर दौलतराव प्रत्येक मोसमात आधी कोळीवाड्यात जाऊन पाळणे कुठे आहेत ते सांगून येत. हे त्यांच्या कामात नव्हतं.

खरी अडचण फोनची होती. कागद रेल्वेने यायचे, पण काही कामं थांबण्यासारखी नसत. मग दौलतराव किनाऱ्यावरच्या ऑफिसातून ट्रंक कॉल लावत आणि अंतरं तोंडी सांगत. लाइन अशी की जणू कोणी फुटाणे भाजतं आहे. एकोणसाठ की एकोणसत्तर, त्रेसष्ट की त्रेचाळीस, काही कळत नसे. त्यात आपण नागपूरचे. घरात मराठीत मोजायचं, बाजारात हिंदीत आणि शाळा-कॉलेजात इंग्रजीत. खाणीत सगळा कारभार हिंदी, त्यामुळे घाई झाली की दौलतरावांच्या तोंडी हिंदी आकडे येत. मी नियम केला की जोडीने आकडा बोलायचाच नाही, एकेक अंक सुटा सांगायचा. पण सुटे अंकही फसवत. मराठीत सात आणि आठ सारखे ऐकू येत, इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन.

एकदा दौलतराव वैतागून म्हणाले, "ताई, तुमच्या घरी पत्ते खेळतेत का?"

"मी नाही, आमचे हे खेळतात."

"मंग झालं! एक्का, दुर्री, तिर्री, चौकी. खाणीत मशीन चालू असली तरी पंजी म्हटलं का पंजीच ऐकू येते."

आम्ही करून पाहिलं. सगळं जमलं, पण सत्ती आणि अठ्ठी अडले. फोन 'स' खाऊन टाकायचा आणि सत्तीची अठ्ठी व्हायची. दौलतराव म्हणाले, "आठाले गोकुळ म्हणू. गोकुळाष्टमी. तुमच्याकडं करत नसन, पण माहीत तं हाय ना?"

"शाळेला सुट्टी असायची, एवढं माहीत आहे."

"बास झालं तेवढं."

शून्याला भोपळा मी सुचवलं. तो शब्द माझ्या गणिताच्या बाईंचा, आणि तो त्या कसा म्हणायच्या ते मला फार चांगलं आठवत होतं. पहिल्याच दिवशी आमचे आकडे सुरू झाले तशी टेलिफोन ऑपरेटर मधे पडली. "काय चाललंय हे? ट्रंक लाइनवर जुगार? मी लाइन तोडीन हं!" तिकडून दौलतराव ओरडले, "बाई, पैसे नाही लावत वं आम्ही, समुद्र लावतो!" ती हसली आणि पुढे आमचीच झाली. लाइन फार खराब असली तर मधून सांगायची, "ताई, ते छक्की म्हणतायत, छक्की!" मी तिचा चेहरा कधी पाहिला नाही. या पद्धतीत आमची एकही चूक झाली नाही, हे मी अभिमानाने सांगते.

मला मात्र समुद्रावर जायचं होतं. ज्या पाण्याचं गणित मी रोज करत होते ते मला एकदा बघायचं होतं, आणि खरं तर त्याला कामाचंही कारण होतं. मी बोटीवर असते तर फोनचीच गरज नव्हती, गणित तिथेच झालं असतं. मी मेजरसाहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण बोटीवर बायकांची सोय नाही." पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, उत्तर तेच. 'सोय' या शब्दाचा अर्थ संडास, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं आणि तो शब्द दोघांनाही उच्चारता येत नव्हता. तुमच्या आजोबांनी माझ्यासाठी सीताबर्डीहून कॅनव्हासचे बूट आणून ठेवले होते, डेकवर घसरू नये म्हणून. ते खोक्यातच होते.

मग ठेकेदाराच्या बाजूने एक नवे साहेब आले, खन्ना. तरुण, हुशार, मेहनती. एक दिवस ते किनाऱ्यावरच्या ऑफिसात असताना दौलतराव फोनवर मला आकडे देत होते. भोपळा, तिर्री, गोकुळ. खन्नासाहेब म्हणाले, "यह क्या है, ताश चल रहा है?" त्यांनी समजून घेतलं नाही असं नाही, दौलतरावांनी सांगितलं ते सगळं ऐकलं. पण त्यांच्याकडे परदेशी तज्ज्ञ येत, बैठका होत, आणि कोट्यवधींच्या पाइपलाइनची जागा पत्त्यांत सांगितली जाते हे त्यांना कोणासमोर सांगवेना. मेजरसाहेबांना पत्र आलं: यापुढे आकडे इंग्रजीत.

मी मेजरसाहेबांच्या खोलीत जाऊन भांडले. "साहेब, इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन लाइनवर सारखे ऐकू येतात. आणि दौलतराव घाईत काय बोलतील त्याचा भरवसा नाही."

"बाई, आपण काही जुगाराचा अड्डा चालवत नाही," ते म्हणाले. माझं इंग्रजी कोणापेक्षा कमी नव्हतं. पण फोनच आमच्या खोलीतून उचलून त्यांच्या केबिनबाहेर नेला आणि आकडे घ्यायचं काम पिल्ले यांना दिलं. पिल्ले म्हणजे मेजरसाहेबांचे स्टेनो. केरळचे, फार नेटके. इंग्रजी सुरेख, हिंदी कामापुरतं आणि मराठी नाहीच. तेही वाईट माणूस नव्हते. या गोष्टीत वाईट माणूस नाही, म्हणूनच ती माझ्या मनातून जात नाही.

त्या हिवाळ्यात जुन्या पाइपाशेजारी दुसरा पाइप टाकायला एक मोठं बार्ज यायचं होतं. बार्ज म्हणजे तरंगतं मैदानच. ते स्वतः चालत नाही. चारही बाजूंना लांबवर नांगर टाकायचे आणि त्यांच्या तारा ओढत-सोडत सरकायचं, अशी त्याची चाल. नांगर कुठे टाकायचे ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं. पाळणे जिथे असतील तिथे मी लाल चौकट आखायची आणि चौकटीत कोणी नांगर टाकायचा नाही.

बार्ज यायच्या आदल्या दिवशी दौलतरावांना एक नवा पाळणा सापडला. मोठा होता. गोण्या रचायला वेळ नव्हता, पण चौकट आखता आली असती. ते तसेच किनाऱ्यावर आले आणि ट्रंक कॉल लावला. तिसऱ्या टेकडीवरचं यंत्र त्या आठवड्यात विजेने जळलं होतं, त्यामुळे ताळा नव्हता. दोनच अंतरं होती. पहिलं नीट पोचलं. दुसरं होतं सत्तेचाळीस हजार नऊशे वीस मीटर.

पुढचं सगळं मी नंतर दौलतराव आणि पिल्ले, दोघांच्या तोंडून ऐकलं, आणि दोघांचं सांगणं अक्षराला अक्षर जुळत होतं. दौलतरावांनी हुकमाप्रमाणे सुरुवात केली. फोर, सेव्हन, नाइन. पिल्लेंना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा. फोर, सेव्हन, नाइन. पुन्हा सांगा. कॉलची वेळ संपत आली, ऑपरेटर बदललेली, बाहेर बोट उभी. दौलतरावांना वाटलं, मद्रासकडचा माणूस, मराठी तर समजणार नाही, हिंदी समजेल. ते ओरडले, "चार, उन्यासी, बीस! उन्यासी, भाई, उन्यासी!"

पिल्लेंनी विचारलं, "एटी-नाइन?"

दौलतराव म्हणाले, "हां, हां!"

आता हे नीट समजून घ्या, कारण तुम्ही मेलबर्न-टोरांटोत मोजता. हिंदीत उन्यासी म्हणजे एकोणऐंशी. नवासी म्हणजे एकोणनव्वद. पिल्लेंना त्या खरखरीत उन्यासीचं नवासी ऐकू आलं असेल, किंवा त्या दोघांतला फरक त्यांना ठाऊक नसेल. आणि दौलतरावांच्या डोक्यात होतं एकोणऐंशी. त्यात ऐंशी ऐकू येतं, आणि आकडा लिहिला की शेवटी नऊ येतोच. 'एटी-नाइन' ऐकल्यावर त्यांना एटी ओळखीचं वाटलं आणि नाइनही ओळखीचं वाटलं. उत्तर बरोबर आहे असंच त्यांना वाटलं. ही चूक बिहारचा माणूस करणार नाही, पुण्याचाही करणार नाही. तीन भाषांत मोजणाऱ्या आपल्याच माणसाची ही चूक आहे.

पिल्लेंनी आणून दिलेल्या कागदावर अठ्ठेचाळीस हजार नऊशे वीस होतं. मी गणित केलं. पाइप तिथे पहिल्या टेकडीभोवतीच्या वर्तुळाला धरूनच वळत होता, त्यामुळे चुकलेली जागाही नेमकी पाइपावरच पडली. ती पाइपाबाहेर पडली असती तर मी लगेच कागद परत पाठवला असता. चुकीच्या आकड्याचं ते अगदी बरोबर गणित होतं. लाल चौकट खऱ्या पाळण्यापासून किलोमीटरभराहून जास्त लांब आखली गेली.

बार्ज आलं. बार्जचे नांगर नेऊन टाकणाऱ्या टगबोटीने चौकट टाळून नांगर टाकला, तो पाळण्याच्या शेजारी पडला. तार ओढली तसा नांगर सरकत आला आणि पाइपाला अडकला. तार तुटली. ती कोणाच्या अंगावर आली नाही, पाइप फुटला नाही, तेल सांडलं नाही. पण पाइप चेपला, तेल बंद करावं लागलं आणि तो मोसम दुरुस्तीत गेला.

नागपुरात मेजरसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. खन्नासाहेब आले होते. पिल्ले सरळ उभे राहून म्हणाले, "मी विचारलं. ते हो म्हणाले." दौलतराव म्हणाले, "मी उन्यासी म्हणलो. उन्यासी म्हणजे उन्यासी, साहेब, मी का खोटं बोलून राहिलो?" मी फळ्यावर तीन भाषांत एकोणऐंशी लिहिलं आणि कोणत्या भाषेत काय ऐकू येतं ते समजावून सांगितलं. खन्नासाहेबांनी ते मन लावून पाहिलं. त्यांना पटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण वर पाठवायच्या अहवालात एक नाव लागतं. 'तीन भाषा' असं नाव लिहिता येत नाही. ज्या हुकमाने आमचे आकडे बंद केले त्या हुकमावर मेजरसाहेबांचीच सही होती आणि ते पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. दौलतरावांचं नाव गेलं. बोटीवरून कायमचं खाली, सावनेरला खाणीच्या कामावर परत.

त्याच बैठकीत आणखी एक निर्णय झाला. फोनवर पुन्हा पत्त्यांचे आकडे सुरू करायचे. खन्नासाहेबांनीच तसं सुचवलं. पुढे महिनाभरात ते स्वतः मला ट्रंक कॉलवर "गोकुल, बहनजी, गोकुल" असं सांगायला लागले. पद्धत परत आली. ती बनवणारा माणूस परत आला नाही.

मग मेजरसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, बोटीवर आता तुम्हीच जा. सोय झाली आहे." इतकी वर्षं न होणारी सोय एका आठवड्यात झाली होती. एका केबिनला आतून कडी बसवली होती, एवढीच. मी त्यांना विचारलं, "दौलतरावांच्या जागी?" ते म्हणाले, "हो, त्यांच्याच जागी." मी नाही म्हटलं. घरी आल्यावर तुमच्या आजोबांना सांगितलं. बुटांचं खोकं त्यांनी खाटेखालून काढून माळ्यावर टाकलं.

मला वाटत होतं की मी दौलतरावांची बाजू घेतली. साधारण वर्षाने ते मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "बोटीवर कोण जाऊन राहिलं आता?"

"मुंबईचा एक मुलगा. मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "काहून नाही गेल्या वं ताई?"

"तुमच्या जागी कशी जाणार होते मी?"

"माह्या जागी?" ते म्हणाले. "जागा का माह्या बापाची होती? मले एकदा विचाराचं तं. तुम्ही गेल्या असत्या तं मले फोन करून सांगितलं असतं, आज पाणी कसं हाय, ते कोळी काय म्हणून राहिले. आता त्या पोराले मी कसं विचारू? तो मले वळखत नाही." मग ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "समुद्र तुमचाबी गेला अन् माह्याबी."

यावर एवढंच लिहिते की त्यांना विचारायला हवं होतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पुढे आकाशातल्या उपग्रहांवरून जागा कळायला लागली, टेकड्यांवरची यंत्रं उतरवली आणि कंपनीचं ते काम संपलं. मी पुन्हा कोळशाच्या खाणींचं गणित करायला लागले, तेव्हा पुष्कळदा मापं दौलतरावांचीच असत. खाणीतून फोन यायचा, "ताई, लिहा. पंजी, भोपळा, दुर्री." खाणीतल्या फोनला खरखर नव्हती. साधे आकडे सांगितले असते तरी चाललं असतं. दोघांपैकी कोणीही तसं सुचवलं नाही.

या मे महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "आत्या, मी सावनेरहून दौलतरावांचा मुलगा बोलून राहिलो. बाबा गेले." तेरवीचा दिवस सांगितला, पत्ता सांगितला. मग म्हणाला, "हा फोन शेजारच्या काकांचा हाय. माहा नंबर लिहून घ्या." आणि सांगायला लागला, "नव्वी, सत्ती, गोकुळ, भोपळा..."

मी लिहून घेतला. मग विचारलं, "हे असं का म्हणतोस, माहीत आहे का तुला?"

"नाही जी," तो म्हणाला. "बाबा असेच सांगत. आमच्या घरी सारे असेच सांगतेत."

तेरवीला मी गेले आणि त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. आता तुम्हाला सांगितली.

ती पाइपलाइन अजून तिथे आहे की बदलली, मला ठाऊक नाही. धंतोलीतल्या आमच्या ऑफिसच्या जागी दातांचा दवाखाना आहे. कॅनव्हासचे बूट तुमच्या बाबाने कॉलेजात असताना वापरून फाडले. मी अजून बोटीत बसलेले नाही. सावनेरच्या एका घरात आणि आपल्या घरात आकडे मात्र अजून असेच सांगतात.

तुमची,
आजी